तळव्याची आग, पायाला मुंग्या: शुगरमध्ये पाय बधिर का होतात आणि आयुर्वेद खरं काय सांगतो



भीमा-अमरजा संगमाच्या काठावरच्या सगळ्या मच्छीमार कुटुंबांना आणि नाव मालकांना.

हंगाम सुरू व्हायच्या आधी आपण जाळं पसरून एकेक गाठ तपासतो. कुठे फाटलंय, कुठे झिजलंय, बुचं नीट आहेत का, सगळं बघतो. स्वतःचे तळपाय मात्र वर्षानुवर्षे कुणी उलटे करून बघत नाही. आज त्या पायांबद्दल लिहितोय. कारण शुगर असलेली बरीच माणसं आपल्याला सांगतात, "बाकी काही नाही हो, रात्री फक्त तळव्याची आग होते." आणि मग कुणी सांगतं शेक घे, कुणी सांगतं बिब्बा लाव, कुणी यात्रेतून चूर्णाची पुडी आणून देतं.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशभराच्या पाहणीप्रमाणे भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. म्हणजे हा आता फक्त शहरातल्या बसून काम करणाऱ्यांचा आजार राहिलेला नाही. वल्हं मारणाऱ्यालाही होतो, मासळी विकणाऱ्या बाईलाही होतो.

आधी पायालाच का?

कालव्याचं पाणी कमी पडलं की पहिला फटका कुणाला बसतो? टेलच्या शेतकऱ्याला. तसंच शरीरात आहे. कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाणाऱ्या नसा शरीरात सगळ्यात लांब. रक्तातली साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की नसांना नुकसान होतं आणि नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्याही खराब होतात. त्याची झळ सगळ्यात लांबच्या टोकाला आधी लागते. म्हणून त्रास बोटांपासून सुरू होतो, बहुतेक वेळा दोन्ही पायांना सारखाच, आणि हळूहळू मोजा चढावा तसा वर सरकतो. पुढे हातांनाही होतो.

सुरुवातीला मुंग्या येतात, टाचण्या टोचल्यासारखं होतं, तळवे जळतात, रात्री जास्त. आपल्याकडे कन्नड बोलणारी मंडळी याला "जोमु" म्हणतात. काहींना मात्र काहीच होत नाही, पाय गपचूप बधिर होत जातो. आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. आग होणारा पाय काही महिन्यांनी शांत झाला, तर तो बरा झाला असं समजू नका. कधी कधी शांत होण्याचा अर्थ एवढाच असतो की नस आता बोलायचीच बंद झाली.

जुन्या ग्रंथांत काय आहे?

आयुर्वेदात या आजाराला प्रमेह म्हणतात. त्याचे २० प्रकार सांगितलेत: कफाचे १०, पित्ताचे ६, वाताचे ४. मधुमेह हा वाताच्या चारांतला एक, आणि बरा व्हायला सगळ्यात अवघड असलेल्यांपैकी.

चरकसंहितेच्या निदानस्थानात, चौथ्या अध्यायात, आजार पूर्ण दिसायच्या आधीची लक्षणं दिली आहेत. त्यात लघवीला मुंग्या लागणं आहे, आणि त्याच यादीत हातापायांची आग आणि बधिरपणाही आहे. बधिरपणाला ग्रंथात "सुप्ती" किंवा "सुप्तता" म्हणतात, म्हणजे अंग झोपी जाणं. सुश्रुतानेही तळहात-तळपायांची आग प्रमेहाच्या आधीच्या लक्षणांत मोजली आहे. रक्त तपासायचं काही साधन नव्हतं, तेव्हा या वैद्यांनी माणसाचे पाय बघून हे ओळखलं होतं.

कारण सांगताना ते म्हणतात की कफ आणि मेद वाढून शरीरातले मार्ग अडतात आणि अडलेला वात बिघडतो. आजचं शास्त्र साखर, नस आणि रक्तवाहिनी या शब्दांत बोलतं. दोन्ही एकच आहेत असं म्हणणं बरोबर नाही. पण पायाची आग आणि बधिरपणा हलक्यात घ्यायचा नाही, यावर दोघांचं एकमत आहे.

पाय आजाराने जात नाही, न कळलेल्या जखमेने जातो

इथे एका डॉक्टरची गोष्ट सांगायला हवी. पॉल ब्रँड, जन्म १९१४, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात. १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरोग्यांवर काम करू लागले. तेव्हा सगळ्यांचा समज होता की कुष्ठरोगात मांस आपोआप सडतं, बोटं आपोआप गळतात. ब्रँड यांनी बारकाईने बघितलं, तर दिसलं की बोटं झडतात ती चटका, काप, घासणं आणि दाब यांनी. नस मेलेली असते, दुखत नाही, म्हणून माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. पुढे १९६० च्या दशकात ते अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि हीच गोष्ट मधुमेहाच्या पायालाही लागू पडते हे दाखवून दिलं.

थोडक्यात, दुखणं हा आपला राखणदार आहे. राखणदार झोपला तर घर डोळ्यांनी राखावं लागतं.

घरी करायची दोन मिनिटांची तपासणी

दवाखान्यात डॉक्टर एक नायलॉनचा धागा तळव्याला टेकवतात. आपल्या तंगुसासारखाच, पण ठरावीक जाडीचा. १० ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो. तो टेकलेला कळला नाही, तर पाय धोक्यात आहे असं धरतात. सोबत कंप पावणारा चिमटा हाडावर ठेवूनही बघतात.

घरी एवढं नाही, पण बोटाने करता येतं. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी काढलेली ही सोपी पद्धत:

१. ज्याला शुगर आहे त्याने पाय मोकळे करून आडवं व्हावं आणि डोळे मिटावेत.
२. घरच्या माणसाने आपल्या बोटाच्या टोकाने त्याच्या पायाच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला, दोन्ही पायांच्या, एकेक करून हलकेच शिवावं. एक-दोन सेकंद, बस. दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत.
३. कळलं की त्याने "उजवा" किंवा "डावा" म्हणावं. एका बोटाला एकदाच शिवायचं. कळलं नाही तर पुन्हा शिवून विचारायचं नाही.

सहापैकी दोन किंवा जास्त बोटांना कळलं नाही, तर पायाची जाणीव कमी झाली आहे. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. सगळं कळलं तरी वर्षातून एकदा दवाखान्यात पाय तपासून घ्यायचाच.

शेक नको. हे आयुर्वेदच सांगतो

बधिर पायावर आपल्याकडे सगळ्यात जास्त होणारा उपाय म्हणजे शेक. गरम वीट, तव्यावर तापवलेलं फडकं, मिठाच्या कढत पाण्यात पाय. थंडीत पहाटे जाळं काढून आल्यावर शेकोटीला पाय लावून बसायची सवय तर सगळ्यांनाच.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, चौदाव्या अध्यायात, शेक-वाफ कुणाला देऊ नये त्यांची यादी आहे. त्या यादीत मधुमेहीचं नाव आहे. तेव्हा "आयुर्वेदिक शेक घ्या" असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा. बधिर पायाला पाणी किती गरम आहे ते कळत नाही. फोड आलेला सकाळी दिसतो, आणि शुगर जास्त असेल तर तो लवकर भरत नाही.

तसंच हेही करू नका:

- टाचेला किंवा कुरुपाला बिब्ब्याचा चटका. बिब्बा कातडी जाळतो.
- काट्यावर रुईचा चीक.
- कुरूप ब्लेडने कापणं.
- जखमेत हळद, चुना, तंबाखू किंवा राख भरणं. संगमाजवळच्या टेकडीचं भस्म श्रद्धेने कपाळाला लावा, उघड्या जखमेत नको. जखम स्वच्छ पाण्याने धुवून, स्वच्छ कापडाने झाकून दवाखान्यात दाखवायची.

तेल आणि चप्पल

मग आयुर्वेदातलं करायचं काय? साधं आणि बिनखर्चाचं बरंच आहे.

चरकाच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात पायाला तेल लावण्याचे गुण सांगितलेत: खरखरीतपणा, कोरडेपणा, ताठरपणा, थकवा आणि बधिरपणा कमी होतो. शुगरच्या पायाला हे उपयोगी पडतं, कारण घाम आणणाऱ्या नसाही खराब होतात, कातडी कोरडी पडते, टाचेला भेगा पडतात आणि भेगेतून जंतू आत जातात. रोज रात्री पाय धुवून, पुसून, तीळ किंवा खोबऱ्याचं साधं तेल हलक्या हाताने लावा. तेल तापवायचं नाही, जखम असेल तर चोळायचं नाही, आणि बोटांच्या बेचक्यात लावायचं नाही. तिथे ओल राहिली की चिखल्या होतात. तेलाने कातडी वाचते. मेलेली नस तेलाने जिवंत होते असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

तेल लावायला बसलं की तळवे आपोआप बघितले जातात, हा त्याचा मोठा फायदा. वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवा, किंवा मुलाला बघायला सांगा.

त्याच पाचव्या अध्यायात पायात पादत्राण घालावं, त्याने पायाला अपाय होत नाही, असंही आहे. हा सगळ्यांसाठी सांगितलेला रोजचा नियम आहे. शुगरवाल्याने तो दुप्पट पाळावा.

इथे एक प्रश्न येईल. सुश्रुतसंहितेत, चिकित्सास्थानाच्या अकराव्या अध्यायात, गरीब प्रमेह्याने अनवाणी, भिक्षेवर राहून, मुनीसारखं शंभर योजनं चालावं, असं सांगितलंय. विहीर खणायलाही सांगितलंय. गाणगापुरात माधुकरी मागून सेवा करणारे लोक रोज दिसतात, त्यामुळे आपल्याला हे ओळखीचं वाटतं. यातला मुद्दा श्रमाचा आणि मोजून खाण्याचा आहे, आणि तो आजही खरा आहे: चालण्याने साखर उतरते. पण ज्याच्या बोटांना स्पर्श कळत नाही त्याने त्यातलं "अनवाणी" उचलू नये. आणि रोड झालेल्या मधुमेह्याला उपाशी ठेवून झिजवायचं नसतं, त्याला ताकद द्यायची असते. चरकाने चिकित्सास्थानाच्या सहाव्या अध्यायात जाड आणि रोड, दोघांचे उपचार वेगळे सांगितलेत. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेलं औषध तुम्हाला लागू पडेल असं नाही.

देवळात चप्पल काढावीच लागते. मग उन्हाळ्यात भर दुपारी तापलेल्या फरशीवरून जाऊ नका, पहाटे जा. आत जाताना जाड सुती मोजे चालत असतील तर घाला. बाहेर आल्यावर तळवे बघा. ज्या गावात आपण पादुकांपुढे डोकं टेकवतो, तिथे पायात चप्पल घालायची लाज कसली?

चप्पल पट्ट्याची, मागे बंद असलेली घ्या. बधिर पायातून साधी स्लीपर निसटते आणि कळतही नाही. मऊ एमसीआर रबराच्या तळाच्या चपला मिळतात, त्या खास अशा पायांसाठी आहेत. पायात घालायच्या आधी हात घालून आत खडा, काटा, गळाचं टोक नाही ना, बघा.

चूर्ण, गोळी, पुडी

आवळा आणि हळद एकत्र घेणं, गुडमार, जांभळाच्या बिया, कारलं: ही नावं आयुर्वेदात आणि आपल्या घरांत आहेत. शिकलेल्या वैद्याच्या सल्ल्याने घ्यायला हरकत नाही. तीन गोष्टी मात्र पक्क्या ठेवा.

पहिली: चालू असलेली शुगरची गोळी किंवा इन्सुलिन स्वतःहून बंद करायचं नाही. नस वाचवणारा सगळ्यात मोठा उपाय म्हणजे साखर ताब्यात ठेवणं. १९९३ साली अमेरिकेत १,४४१ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात दिसलं की साखर काटेकोर ताब्यात ठेवली तर नसांचं नुकसान ६० टक्क्यांनी कमी होतं. ते लहान वयात होणाऱ्या, इन्सुलिनवाल्या मधुमेहाचे रुग्ण होते. मोठ्या वयातल्या मधुमेहात फायदा तेवढा मोठा दिसत नाही, पण दिशा तीच.

दुसरी: गोळी आणि चूर्ण दोन्ही घेत असाल तर दोन्ही डॉक्टरांना सांगा. दोन्हींनी मिळून साखर एकदम खाली गेली तर हात कापतात, घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. हे मधल्या पाण्यात नावेत झालं तर जिवावर बेततं. नावेत साखरेची किंवा गुळाची पुडी कायम ठेवा, आणि सोबत्याला सांगून ठेवा.

तिसरी: बिननावाची पुडी घेऊ नका. जाळ्याला लावतो ते शिसं आपल्याला माहीत आहे. तेच शिसं पोटात गेलं की नसा खराब करतं. २००४ साली अमेरिकेत बॉस्टन भागातल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली, त्यांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. म्हणजे नस बरी करायला घेतलेलं औषधच नस मारू शकतं. डबीवर परवाना क्रमांक, घटक, कंपनीचा पत्ता आणि तारीख हवी. "शुगर मुळापासून बरी करतो" अशी जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. जो कायदा मोडून औषध विकतो, त्याच्या औषधाची खात्री कोण देणार?

आणखी एक. बधिरपणा दर वेळी शुगरनेच येतो असं नाही. मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं घेतली तर शरीरात बी-१२ कमी होऊ शकतं आणि त्यानेही पाय बधिर होतात. मासळी खाणाऱ्याला बी-१२ मिळतं, पण ते अंगी लागत नसेल तर उपयोग नाही. साधी रक्ततपासणी आहे, डॉक्टरांना विचारा. दारूनेही नसा जातात, आणि बिडी-तंबाखूने पायाचा रक्तपुरवठा कमी होतो. फार आग होत असेल तर प्रीगाबालिनसारख्या गोळ्या डॉक्टर देतात. त्यांनी झोप लागते, आग कमी होते. पण गेलेली जाणीव परत येत नाही, म्हणून पाय बघणं थांबवू नका.

नदीतली जखम

चिलापीच्या पाठीचा काटा, शिंगाळ्याचा काटा, फुटलेली बाटली, बाभळीचा काटा, गळ. एरवी आपण थुंकी लावून पुढे जातो. पण गोड्या पाण्यात एरोमोनाससारखे जंतू असतात, जखमेत गेले की एक-दोन दिवसांत पाय सुजवतात. शुगर असलेल्याच्या पायात ते झपाट्याने पसरतात.

यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना:

- जखम काळी पडली, पू आला, वास आला.
- लाली वर चढू लागली, ताप आला.
- जखम नाही, पण एक पाऊल सुजून गरम झालंय आणि दुखत नाही. आतली हाडं खचत असू शकतात. त्या पायावर चालू नका.
- बोट गार, निळं किंवा काळं पडलं.

धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका. सुरुवात जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात किंवा अफजलपूरच्या तालुका रुग्णालयात करा. मोठं काही असेल तर कलबुर्गीचं जिम्स किंवा सोलापूरचं सिव्हिल. शुगर तपासणीची सरकारी योजना २०१० पासून देशात सुरू आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने एकदा तपासून घ्यावं.

नाव मालकांसाठी

ज्याच्या पायाला जखम आहे त्याला पाण्यात उतरवू नका. जखम भरायला पायावरचा भार काढावा लागतो, त्याशिवाय कुठलंही औषध लागू पडत नाही. पण घरी बसवलं की चूल बंद होते, हे आपल्याला कळतं. म्हणून तो लपवतो, आणि लपवलेली जखम वाढते. त्याला बसून करायचं काम द्या: जाळी विणणं, मासळी निवडणं, वजन, हिशेब. काही आठवड्यांचं हलकं काम दिलं तर एक कसलेला माणूस पुढे कितीतरी वर्षं तुमच्या नावेवर राहतो. पाय कापला गेला तर ते घर कायमचं बसतं.

नावेत रबरी बूट ठेवा. ओले बूट दिवसभर पायात ठेवू नका. काठावर आलं की पाय धुवून, बोटांच्या बेचक्या पुसून, कोरडी चप्पल.

आज रात्री जेवणं झाली की घरातल्या शुगरवाल्या माणसाला डोळे मिटायला सांगा आणि सहा बोटांना शिवून बघा. जेवढी बोटं कळली नाहीत तेवढा आकडा कागदावर लिहून दवाखान्यात न्या. ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्या आजी-आजोबांना हे वाचून दाखवा, आणि दुसऱ्या काठावरच्या आपल्या नातेवाईकांनाही पाठवा.